न मागता आलेली बढती परत घेण्याबाबत

प्रति,
मा. नेमणूक अधिकारी साहेब,
मरीन दल, मुख्यालय.

अर्जदार: असाहेल विंगेट, सेकंड लेफ्टनंट, युद्धनौका 'ब्लू हिल', चार्ल्स्टन बंदराबाहेरील नाकेबंदी.

विषय: मला दिलेली बढती रद्द होणेबाबत.
संदर्भ: आपला दि. ९ ऑक्टोबर १८६३ चा हुकूम, आज टपालबोटीने पोचला.

महोदय,

सविनय अर्ज करतो की, सदर हुकुमान्वये मला फर्स्ट लेफ्टनंट करून 'सॅल्मन फॉल्स' नौकेवरील मरीन तुकडीचा ताबा "रिक्त जागी" तात्काळ घेण्यास फर्मावले आहे. सदर जागा रिक्त नाही. तेथे माझे थोरले बंधू, फर्स्ट लेफ्टनंट जोसाया विंगेट, आहेत.

२. आपल्या दलात वरचा हलल्याशिवाय खालचा चढत नाही, हे आपणांस सांगायला नको. वरचा हलतो तीन कारणांनी. बंधूंना बढती मिळालेली नाही. वर्तमानपत्रातली यादी मी तीनदा वाचली. राजीनामा तर ते देणारच नाहीत. मागे तापाने फणफणले असता त्यांना किनाऱ्यावर न्यायला चार माणसे गेली, ती शिव्या खाऊन परत आली. तिसरे कारण लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

३. त्यांचे २८ सप्टेंबरचे पत्र मजपाशी आहे. "मी ठणठणीत आहे. तू तेवढ्या बंदुका पुसत जा, आळशा!" असा माणूस अकरा दिवसांत जागा रिक्त करील काय?

४. इकडे भलताच प्रकार झाला आहे. सार्जंट मलव्हेनी "साहेब, नशीब काढलंत!" म्हणत धावत आला आणि हुकमातले जहाजाचे नाव वाचताच त्याने जीभ चावली. तेव्हापासून कोणी माझ्याकडे बघत नाही. स्वयंपाक्याने न मागता कॉफीत दुप्पट साखर घातली. एरवी महाकंजूस! मला हे लक्षण बरे दिसत नाही.

५. शिवाय मी या पदास लायक नाही. मंगळवारी मी तोफेच्या कवायतीचा पुरता बोजवारा उडवला, कप्तानसाहेबांना विचारावे. ज्येष्ठतेच्या यादीत माझ्यामागे उतावळे पुष्कळ आहेत. त्यांतल्या कोणालाही घ्या, पण मला त्या जागेवर बसवू नका हो!

६. हे लिहीत असताना 'सॅल्मन फॉल्स'ची होडी आली आहे. नावाड्याने खालून हाक दिली, "लेफ्टनंट विंगेटसाहेबांना न्यायला आलोय."

मी विचारले, "कुठले विंगेट? दोघं आहोत आम्ही."

त्याने टोपी काढली. म्हणाला, "एकच, साहेब."

सबब हुकूम मागे घ्यावा, एवढेच मागणे आहे. मी अजून होडीत बसलेलो नाही.

आपला नम्र सेवक,
असाहेल विंगेट
सेकंड लेफ्टनंट
दि. १४ ऑक्टोबर १८६३

सोबत: मूळ हुकूम, न स्वीकारता परत.