लाल डब्यातली पत्ती

शाळेची खोली, ता. मुळशी
१९ एप्रिल १९८४

प्रिय शमशाद,

तुझा डबा मिळून पंधरा दिवस झाले आणि मी आज लिहायला बसलेय. रागावू नकोस. हल्ली शाळा सुटली की हातपाय गळून जातात. त्यात बदलीचा अर्ज टेबलावर पडून होता. पौडच्या कचेरीत नेऊन द्यायचा की फाडून टाकायचा, एवढं एकच ठरवायचं होतं आणि तेच होत नव्हतं. तसं या वाडीत अकरा वर्षांत मला कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही.

डबा काय देखणा आहे गं. लाल, गोल, कडेनं सोनेरी वेल आणि पाठीवर टोपल्या घेतलेल्या त्या बायका. ताजुद्दीनभाऊजींच्या दुकानात गिऱ्हाईक चहा विसरून डबेच बघत बसत असेल. झाकण उघडलं आणि खोलीभर वास सुटला. आठवतं, पहिल्या वर्षी तू पाठवलेला दार्जिलिंगचा चहा मी गूळ, आलं, दूध घालून चांगला खळाखळा उकळला होता, आणि तुलाच कळवलं होतं की याला रंगच येत नाही, भाऊजींना कुणीतरी फसवलंय. त्यावर तू मला जे झाडलंस ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. वसतिगृहात आपण दोघी एका कपातला चहा प्यायचो, कपाचा कान तुझ्या हातात आणि बशी माझ्या, तेव्हाही बोलणी मीच खायची.

तुझे डबे वाडीत फार लाडके आहेत. हत्तीचा सारजाबाईंनी मागून नेला. या आमच्या सरपंचांच्या, कुशाबांच्या आई, शाळेसमोरच राहतात. तो डबा त्यांच्या देव्हाऱ्यात आहे, कापूर ठेवायला. मोराचा चंद्राबाईंकडे आहे, त्यात हळद असते. मोगऱ्याच्या चहाचा वास घेऊन सारजाबाई म्हणाल्या होत्या, ह्यो तर अत्तरावानी हाय बाई. मी म्हटलं, बसा, टाकते दोन कप. तर म्हणाल्या, आत्ताच घेतला.

हे ‘आत्ताच घेतला’ मी तुला कधी लिहिलं नाही. दर वेळी तू विचारायचीस, कुणाकुणाला आवडला, आणि मी बिनदिक्कत कळवायची, सगळ्यांना. शमशाद, अकरा वर्षांत या खोलीत माझ्याशिवाय कुणी चहा घेतलेला नाही. आल्या दिवशी मी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि मी कोण ते वाडीला कळलं. तेव्हापासून कुणी आत्ताच घेतलेला असतो, कुणाला पित्त होतं, कुणाचा उपास असतो. उपासाला चहा चालतो हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. आणि याच लोकांनी बदलीचं कानावर येताच अर्ज केला, बाईंना हलवू नका म्हणून. कुशाबा घरोघरच्या सह्या-अंगठे घेऊन आले, म्हणाले, तुमी जायाचं न्हाई. पहिला अंगठा सारजाबाईंचा. मला रडूच आलं. म्हणून तर माझा अर्ज अडला.

मग मी मनाशी एक ठरवलं. सारजाबाईंना खोकला झालाय, त्या निमित्तानं तुझा लाल डबा भरलेलाच त्यांना नेऊन दिला. पत्ती कोरडी. चूल त्यांची, पाणी त्यांचं, दूध त्यांच्याच म्हशीचं. एवढा चहा त्यांनी घेतला तर अर्ज फाडायचा आणि इथंच राहायचं. चार दिवस मी त्यांच्या दाराकडे बघत होते.

आज सकाळी त्या आल्या. डबा लई झ्याक हाय म्हणाल्या, नातसुनेच्या बांगड्या ठिवल्यात त्यात. मग पदराखालून एक पुडी काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. सगळी पत्ती, तळाचा चुरासुद्धा निपटून, वर्तमानपत्रात बांधलेली. तुमच्या मैतरणीनं येवढ्या मायेनं धाडली, वाया नगं जायाला, म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या गं. त्यांच्यावर चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी नुसती दमलेय.

दुपारी त्याच पुडीतला चहा केला, तू शिकवलास तसा, पाणी खाली उतरवून, झाकण ठेवून. सुरेख झाला. तो प्याले आणि अर्जावर सही केली. तुमच्या मंचरच्या बाजूची शाळा मागितलीय, सोमवारी पौडला जाऊन देऊन येते. हे पत्र त्यासाठीच. आता इकडं डबा पाठवू नकोस. मीच येतेय. आले की मला चहाचं विचारत बसू नकोस, सरळ टाक, आणि कप एकच काढ. कान तू धर, बशी मला दे.

तुझीच,
गोजरा