यमूचा दाखला

ता. ४ जून १८८८, कल्याण
यमूचा अर्ज पुण्याहून परत. मास्तरणी तयार करण्याच्या वर्गात जागा आहे, पण चौथी-पाचवीचा एकत्र दाखला हवा. चौथी खडवलीस झाली, मी तिथे मास्तर असताना. ती शाळा लोकल बोर्डाची. पाचवी इथे माझ्याच शाळेत, ही म्युनिसिपालटीची. दोघांचे एकमेकांशी बोलणे नसावे. मुदत महिनाअखेर.
तिचे दीर ठाण्याहून येऊन सांगून गेलेत, जागा मिळाली तर जाऊ दे, नाहीतर एक तारखेस घरी नेऊ. नेल्यावर न्हावी बोलावणार. तेवढे बोलले नाहीत. जावई जाऊन वर्ष झाले, पोर सोळाची.

ता. ९
बोर्डाचे उत्तर : मुलगी हल्ली म्यु.च्या शाळेत, दाखला तिकडून घ्यावा. म्यु.चे सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, चौथी आम्ही कुठं पाहिली?"

ता. १५
डेप्युटी साहेब तपासणीस आले. दोन्हीकडच्या परीक्षा त्यांनीच घेतलेल्या. यमूला ओळखले. "कागद आणा, आत्ता सही करतो." मी म्हटले, "नको साहेब, रीतसर वरिष्ठांमार्फत पाठवतो." बावीस वर्षांत माझा एक कागद परभारे गेला नाही. फुशारकीच ती. यमू दारात उभी होती.

ता. २३
कागद म्यु.तून बोर्डाकडे गेला. तिथून साहेबांकडे जायचा, ते फिरतीवर. टपालवाल्याच्या वेळेस यमू ओटीवर येऊन बसते. हिने, यमूच्या आईने, माझ्याशी बोलणे टाकले आहे. आज एकदाच म्हणाली, "ते सही देत होते ना हो?"

ता. १ जुलै
दीर आले. सज्जन माणूस, आवाज चढवला नाही. हिने सकाळी यमूची वेणी घातली. सोडली, पुन्हा घातली. यमूने पुस्तके नेली नाहीत. पाया पडताना म्हणाली, "नाना, कागद आला तर कळवा हं."
मी शाळेत गेलो. हजेरी घेतली. काळीज फाटते म्हणतात ते काय, ते आज

ता. ६
दाखला आला. सगळ्या सह्या, दोन्ही शिक्के. खाली 'मार्फत हेडमास्तर', तिथे माझ्या सहीची जागा मोकळी. बराच वेळ लेखणी टेकवेना; मग सही केली.
पुण्यास लिहिले : मुदत टळली, चूक माझी, मुलीची नाही, तिला घ्याल का? थेट पाठवले, कुणाच्या मार्फत नाही.
उद्या पहिल्या गाडीने ठाणे. दाखला बाराबंदीच्या आत ठेवला आहे. दार तिनेच उघडले तर तिच्या डोक्यावरच्या पदराकडे मला पाहवेल का, ठाऊक नाही.