तेलावर उभा हौदा

आसगाव,
मंगळवार, दुपार

आदरणीय अंकुशदादा यांना तेजरामचा मनापासून जयभीम. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. (एरवी मी 'खुशाल' लिहितो, पण आज जेवढं खरं तेवढंच लिहितो.) वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमची ड्यूटी या हप्त्यात दिवसाची की रात्रीची? माझ्या आईची तब्येत उत्तम आहे. फारच उत्तम आहे, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

पत्र पाहून तुम्ही म्हणाल, फोन काहून नाही केला? तर माझा मोबाईल सध्या एक ट्रॉली मुरमाच्या खाली आहे. ज्योत्सनाच्या मोबाईलवरून लावावा तर ती बाजूला उभी राहते आणि म्हणते, "माह्या भावाले उगाच घाबरवू नका." तुमची बहीण कशालाच भीत नाही. पण घरात कोणीतरी भ्यायला पाहिजे की नाही? ते काम लग्नापासून माझ्याकडे आहे.

आपण दोघांनी पाहून घेतलेली ती सेकंडहॅन्ड हायड्रोलिक ट्रॉली. तुम्ही हौद्यावर थाप मारून म्हणाला होता, "भाऊजी, लिव्हर ओढा, हौदा उठते, माल आपोआप खाली. तुम्ही फक्त पाहत राहा." पाहत राहण्याइतकं सोपं काम मला जन्मात मिळालं नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो. आज सकाळी आंगणात भर टाकायला पहिली खेप आली. ट्रॅक्टरवर आपला बाबूलाल (गालात तंबाखूचा खर्रा धरल्याशिवाय त्याला गिअर सापडत नाही). मुरूम रात्रीच्या पावसात भिजून शिऱ्यासारखा झालेला. बाबूलालनं लिव्हर ओढला, जॅकमध्ये तेल शिरलं आणि एवढा मोठा हौदा हत्ती उठावा तसा पुढून उठला. दादा, मला अभिमान वाटला. पण मुरूम खाली पडायच्या ऐवजी घसरत मागच्या उघड्या फाळक्याच्या तोंडाशी आला आणि तिथं चिपकून बसला. आता सगळं वजन मागच्या टोकाला, आणि पुढं काहीच नाही. ट्रॉलीचा दांडा हळूच वर उठू लागला, आणि दांड्याबरोबर ट्रॅक्टरचं मागचं अंगही. बाबूलाल सीटवर बसल्या बसल्या जमिनीपासून दूर चालला. त्यानं खर्रा थुंकला नाही. गिळला.

अशा वेळी शहाण्या माणसानं पळायला पाहिजे. मी फावडं घेऊन मागं गेलो. (का गेलो ते मलाही सांगता येत नाही, पायच गेले.) बाजूनं दोनदा टोचलं, आणि सगळा मुरूम एका दमात खाली आला. मी कमरेपर्यंत त्यात गाडला गेलो, खिशातला मोबाईल कुठं गेला कळलं नाही. तिकडं वजन सुटल्याबरोबर ट्रॅक्टर धाडकन जमिनीवर आपटला आणि त्या हिसक्यानं जॅकचा पाईप जोडावर फाटला. तेलाची चिळकांडी उडाली.

एवढं झालं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण त्या आवाजानं आईची खुडूक कोंबडी उडाली आणि उचललेल्या हौद्याखाली, चेसिसवर जाऊन बसली. आणि तिच्यामागं आई गेली. सत्तरीची बाई, दादा, कमरेपर्यंत आत वाकली. आणि हौदा खाली येऊ लागला.

धाडकन आला असता तर मी पाहिलंही नसतं. तो हळूहळू येत होता, दार लोटल्यासारखा. इतके दिवस मला वाटायचं की ते लोखंड लोखंडानं धरून ठेवलंय. आज कळलं, नुसत्या तेलानं धरलं होतं, आणि तेल तर माझ्या डोळ्यांदेखत आंगणात चाललं होतं.

"आई, निंग बाहेर!"

"थांब ना बापा, पाय धरून राहिली मी तिचा!"

"बाबूलाल, लिव्हर ओढ!"

"ओढूनच राहिलो ना भाऊ! उठूनच नाही राहिला!"

मी मुरमातून पाय उपसत होतो. जितका उपसावा तितका वरचा मुरूम खाली यायचा. आईच्या पाठीवर हौद्याची सावली पडली ती मला दिसली. तेवढ्यात तुमची बहीण पिठाच्या हातानं बाहेर आली. आम्ही बसायला ठेवलेला बाभळीचा ओंडका तिनं छातीशी धरून उचलला आणि आईच्या बाजूला, चेसिस आणि हौद्याच्या मधात उभा केला. हौदा त्यावर येऊन टेकला. ओंडका कडाडला. आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत राहिलो. हौदा थांबला.

आई कोंबडी घेऊन सावकाश बाहेर आली. मी मुरमात बसून रडत होतो. लाज नाही, खरं लिहितो. आईनं मला पाहिलं आणि ज्योत्सनाला म्हणाली, "एवढा मोठा माणूस, कोंबडीसाठी रडते काय!" ज्योत्सनानं माझा हात धरून मला बाहेर ओढलं, आणि मी उभा राहिल्यावरही तो घट्ट धरूनच ठेवला. हे मी लिहिलं ते तिला सांगू नका.

आता सगळं शांत आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काळजी नसावी.

तुमचा,
तेजराम

ता.क. : काळजी नसावी हे ज्योत्सना बाजूला होती म्हणून लिहिलं. हौदा अजून ओंडक्यावरच आहे, आणि ओंडक्याला उभी भेग गेली आहे. बाबूलाल पाईप आणायला भंडाऱ्याला चालला आहे. हे पत्र तो तुमच्या वरठीला येऊन तुमच्या हातात देईल. तुम्ही रविवारी या आणि लिव्हरवर तुम्हीच बसा. मी रस्त्याच्या पलीकडून लक्ष ठेवीन.

आणखी ता.क. : बाबूलाल गाडीला किक मारून राहिला आणि एवढ्यात पाहतो तर आईनं ट्रॉलीखाली खाट टाकली आहे. म्हणते, आंगणात एवढी गार सावली कधीच नव्हती. मी हात जोडले, ज्योत्सना ओरडली, तर ती कूस बदलून झोपली. ती फक्त तुमचं ऐकते. रविवार राहू द्या. बाबूलालच्याच गाडीवर मागं बसा आणि या.