आईच्या हाताखालची नोकरी

विजय नगर, जबलपूर
९ फेब्रुवारी २०२३

ती. पुंडलिकमामा,

सविनय जयभीम. मामींचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि शैलजाच्या लग्नाची खरेदी तुमच्या रक्तदाबाला मानवत असेल, अशी आशा करते. फोनऐवजी पत्र पाहून दचकू नका. घरातल्या कुठल्याही फोनवर आईचा कान असतो.

माझ्या कंपनीला ऑफिस नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही अजून लोकांना 'विनीता घरीच असते' असं सांगता, हेही मला ठाऊक आहे.) वर्षभरात आम्ही नऊ जणांचे चारशे झालो. कंपनी नेमकं काय करते हे जुन्यांपैकी दोघांना माहीत होतं, ते सोडून गेले. रोज सकाळी दहाला आमच्या गटातल्या चाळीस जणांनी स्क्रीनवर येऊन आज काय करणार ते सांगायचं, एवढा नियम मात्र पक्का.

दिवाळीनंतर एकदा मी माइक बंद करायला विसरले. मागे आई मेथी निवडत होती. फॅक्टरीत बत्तीस वर्षं लोकांची हजेरी घेतलेली बाई ती, पुण्याचा एक साहेब बोलायला लागताच म्हणाली, "काहून रे भैया, सोमवारपासून हेच सांगून राहिला तू. झालं किती, ते सांग ना!" मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण आमचे मालक (वय सव्वीस, मुक्काम बेंगळुरू, बैठक झोपाळ्यावर) गहिवरले. हाच प्रश्न त्यांना वर्षभर विचारायचा होता, धीर होत नव्हता. आठवड्यात आईच्या नावाचं नेमणूकपत्र आलं. आता ती आमच्या गटाची प्रमुख आहे. दहाच्या ठोक्याला वही उघडते, उशीर झाला की नावापुढे लाल फुली. काम दुप्पट होतंय, लोक तिला दीदी म्हणतात, आणि ताटात पोळी वाढताना ती मला कालचं राहिलेलं काम विचारते. मामा, मला तिचा फार अभिमान वाटतो, पण घास उतरत नाही.

बाकी सगळं ठीक.

तुमची भाची,
विनीता

ता. क. शैलजाच्या लग्नासाठी मागितलेली माझी चार दिवसांची सुट्टी आईने नामंजूर केली आहे. स्वतःची केली मंजूर! घरातून एक माणूस गेलं की पुरे, म्हणते. शैलजाच्या शेजारी मीच उभी राहणार, हे आमचं शाळेपासून ठरलंय. तुम्ही आईचे लाडके भाऊ; एक शब्द टाका, पण माझं नाव घेऊ नका.

दुसरा ता. क. पुंडलिक, पोरीने पाकीट चिकटवायला डिंक मागितला तेव्हाच मला शंका आली. आजकाल पत्र कोण लिहितं? सुट्टी दिली तिला, शैलजाला सांग. आणि तू रिटायर होऊन नुसता बसून राहिला ना? सोमवारी सकाळी दहाला, आंघोळ करून, स्क्रीनवर ये. — कलावतीताई