तीन नंबरच्या रस्त्यावरची झाडं

१४ सप्टेंबर १९८७, सोमवार

काउंटी कोर्टाचं पाकीट आलं. एकतीस वर्षं मी असली पाकिटं लोकांच्या पेट्यांत टाकली, माझ्या पेटीत आज पहिल्यांदा. ज्युरीत बसायचं बोलावणं आहे. पाच ऑक्टोबर, सकाळी साडेआठ.

व्हर्नाने चष्मा लावून मागची बाजूही वाचली. "सत्तरीच्या वर असेल त्याला सूट आहे. त्र्याहत्तर लिही आणि परत पाठवून दे."

"जाणार आहे मी."

"दिवसभर तोंड मिटून दुसऱ्याचं ऐकायचं असतं तिथे. जमेल तुला?"

पन्नास वर्षं तिचंच ऐकतोय, असं म्हणणार होतो. पण म्हटलं नाही. जमतं, हे सिद्ध झालं.

१६ सप्टेंबर

फॉर्म पाठवला. सूट मागितली नाही.

५ ऑक्टोबर, सोमवार

आम्ही चाळीसेक जण होतो. कारकुनाने लाकडी पिंप फिरवून चिठ्ठ्या काढल्या. माझं नाव नववं — एल्विन हॉगस्रूड. उठून उभा राहिलो तर वाटलं, मिस ऑडेगार्डच्या वर्गात पाठ केलेली कविता म्हणायला उठलोय. त्या मेजावर पट्टी आपटून ताल धरायच्या. इथे कुणी ताल धरला नाही.

खटला आग लावल्याचा. गेल्या मार्चमध्ये व्हर्जिल टॉर्व्हिकचा गोठा जळाला, एकोणीस गाई गेल्या. आरोपी डॅरिल मॉश्के, वय चोवीस, टॉर्व्हिककडे गडी होता. जानेवारीत त्याला काढून टाकलं होतं. त्याची बायको तिसऱ्या बाकावर बसली होती, निळा कोट, पोटाशी बटणं लागत नाहीत. दोषी ठरला तर आठ-दहा वर्षं आत. मूल तिसरी-चौथीत असेल तोवर.

सरकारी वकिलाने मला विचारलं, "यातल्या कुणाला ओळखता?"

"टॉर्व्हिकला त्याच्या पेटीवरून ओळखतो. तीन नंबरचा टपालमार्ग माझा होता. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालो."

जज्जबाई पुढे वाकल्या. "मिस्टर हॉगस्रूड, इथे जे ऐकाल, पाहाल, तेवढ्यावरच निर्णय द्याल? बाहेरचं काही मनात न आणता?"

"हो," म्हटलं. लगेच म्हटलं.

मला ठेवून घेतलं. मागच्या रांगेतली शेवटची खुर्ची.

बाईंनी बजावलं: खटल्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही, बायकोशीही नाही. वर्तमानपत्र वाचायचं नाही. त्या जागेकडे फिरकायचं नाही. लिहायलाही बंदी असेल कदाचित. विचारलं नाही.

जेवताना व्हर्ना म्हणाली, "काय खटला आहे?"

"सांगता येत नाही."

"बरं. वाटाणे हवेत का, हे तरी सांगता येतं ना?"

६ ऑक्टोबर

आज मुख्य साक्षीदार. मिसेस आर्डिस नेपस्टाड, साठीची विधवा. टॉर्व्हिकच्या समोर, रस्त्यापलीकडे राहते. आठ वर्षांपूर्वी भावाजवळ राहायला म्हणून इकडे आली, त्यामुळे मी तिला कधी टपाल दिलेलं नाही. साधी बाई. हातातली पर्स शेवटपर्यंत सोडली नाही.

तिचं म्हणणं असं: सूर्य मावळत होता, ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. खिडकीतून तिला डॅरिल दिसला — गोठ्याच्या दाराशी, हातात डबा. पाऊण तासाने ज्वाळा.

"इतक्या लांबून ओळखलंत?" डॅरिलच्या वकिलाने विचारलं. पोरगेला आहे तो वकील, कागद सारखे खाली पडतात त्याचे.

"त्याचा डावा खांदा खाली झुकलेला असतो. चालतो तेव्हा कळतंच. खिडकीतून मी माणसं चालण्यावरूनच ओळखते."

सरकारी वकिलाने फळ्यावर नकाशा लावला होता. घर, रस्ता, गोठा. मधे काही नाही.

मी नकाशाकडे बघत राहिलो. त्या घराच्या पुढे रस्त्याच्या कडेने स्प्रूसची रांग आहे. सतरा झाडं, दाट, काळी-हिरवी, घराहून उंच. हिवाळ्यातही पान झडत नाही त्यांचं. त्या घरात तेव्हा म्हातारा सोलेम राहायचा. त्याच्या पेटीशी गाडी थांबवली की मी काच खाली करायचो. वारा त्या झाडांतून जाताना आवाज यायचा, आणि मला मिस ऑडेगार्डनी शिकवलेली झाडांची कविता आठवायची. रोज म्हणायचो. पाचही कडवी. कुत्रं असायचं ऐकायला.

त्या झाडांतून कुणाला गोठा दिसला असेल, तर मी गव्हर्नर आहे.

वकिलाने विचारलं नाही. नकाशात झाडं नाहीत, त्यामुळे त्याला ठाऊकच नाही.

७ ऑक्टोबर

डॅरिल स्वतः उभा राहिला. त्या संध्याकाळी घरी झोपलो होतो म्हणाला. बायको तेव्हा कामावर. कुणी पाहिलं? कुणी नाही. नोकरी गेल्यावर टॉर्व्हिकला काय बोललास? "जळून जाशील म्हणालो." बाकावर कुणीतरी श्वास आत घेतला. "रागात म्हणालो, साहेब. माणूस म्हणतो असं."

म्हणतो खरं.

फोटो दाखवले, सगळे जळलेल्या गोठ्याचे. खिडकीतून रस्त्याकडे काढलेला एकही नाही.

घरी येऊन माळ्यावरून शाळेचं कवितांचं पुस्तक काढलं. झाडांची कविता वाचायची होती. धीर येण्यासाठी म्हणा. पानं कडेने तपकिरी झाली आहेत. मजा म्हणजे पुस्तकात चारच कडवी. पाचवं, बर्फाने वाकलेल्या फांदीचं, ज्याच्यावर माझा जीव आहे, ते नाहीच. दोनदा उलटून पाहिलं.

व्हर्नाला म्हटलं, "पान फाटलंय."

तिने पुस्तक घेऊन शिवण तपासली. "फाटलेलं नाही. हे कडवं तूच केलेलं असणार. टपाल टाकता टाकता."

"मी कशाला करीन?"

"चांगलं आहे की ते. मला तर तेच आवडतं."

छापताना गाळलं असेल.

८ ऑक्टोबर, गुरुवार

वकिलांची भाषणं झाली. बारा जणांना मागच्या खोलीत बसवलं. एक लांब टेबल, कॉफीचा थर्मास, दाराबाहेर शिपाई. सगळे एकमतावर यायला हवेत, एकही वेगळा चालत नाही. बँकेतल्या डेलोरिस क्विस्टला प्रमुख निवडलं, कारण पेन तिच्याकडेच होतं.

चिठ्ठ्या टाकल्या. दोषी अकरा. निर्दोष एक.

हार्लन ब्रेकीने टेबलाभोवती नजर फिरवली. टर्कीपालन करतो, शिवाय दोनशे एकर मका शेतात उभा. "ज्याने कुणी टाकलीय त्याने बोलून मोकळं व्हावं. सोमवारी पाऊस सांगितलाय."

"मी टाकली," म्हटलं.

"टपालवाले, का हो?"

"बाईला दिसलं नसणार, असं वाटतं."

"ती शपथेवर सांगते की दिसलं. तुम्ही होता तिथे?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण डेलोरिस शांतपणे म्हणाली, "एल्विन, कारण सांगितल्याशिवाय आम्ही तुम्हाला कसं समजून घेणार?" तिचा आवाज थेट शाळेतल्यासारखा. चुकलास तरी चालेल पण बोल, असा.

एवढंच म्हणालो की खिडकी आणि गोठा यांच्या मधे काही आहे का, ते कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा तिने जज्जबाईंना चिठ्ठी लिहिली: ती जागा आम्हाला पाहता येईल का? मधे झाडं आहेत का?

वीस मिनिटांनी उत्तर आलं. शिपायाने वाचून दाखवलं: कोर्टात जे सादर झालं तेवढ्यावरच निर्णय द्यावा.

"झालं," हार्लन म्हणाला. "झाडं सादर झाली नाहीत. म्हणजे झाडं नाहीत."

"झाडं अशी नाहीशी होत नाहीत," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पाच वाजता घरी सोडलं. उद्या परत. गाडी तीन नंबरच्या रस्त्याने वळवायचा मोह झाला. सात मैल फक्त. वळवली नाही. नियम तो नियम. आणि जे मला पाठ आहे ते बघायला कशाला जायचं?

९ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं.

जज्जबाईंना "हो" म्हटलं होतं, हे लक्षात होतं. पण निळा कोटही डोळ्यांसमोर होता. सतरा झाडं, म्हणालो. किती दाट, किती उंच, सोलेमची पेटी कुठे, फाटक कुठे. टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून दाखवलं. ही खिडकी, हा रस्ता, ही रांग. फार छान सांगितलं असावं मी. मिस ऑडेगार्ड असत्या तर पुढच्या बाकावर बसवलं असतं. सगळे पुड्यांवर वाकले. हार्लनही.

"खात्री आहे?" डेलोरिसने विचारलं.

"एकतीस वर्षं. आठवड्यातून सहा दिवस."

शाळेतल्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "हे आपण ऐकायला नको होतं ना?"

"ऐकलं आता," हार्लन म्हणाला. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "मका गेला खड्ड्यात. टपालवाल्याला रस्ता ठाऊक नसेल तर कुणाला असणार? उद्या पोराला आत टाकायचं आणि परवा तिथून जाताना झाडं दिसायची, असं माझ्याच्याने व्हायचं नाही."

दुपारपर्यंत निर्दोष आठ, दोषी चार. मग अकरा-एक, कालच्या बरोबर उलट. शेवटची स्वयंपाकीणबाई. तिने अडीच वाजता मान हलवली.

निर्दोष.

डॅरिलने तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याची बायको उठायला गेली, तिला उठता येईना, शेजारणीने हात दिला. व्हर्जिल टॉर्व्हिक जागचा हलला नाही. मिसेस नेपस्टाड मागे बसली होती, पर्स मांडीवर. ती आमच्याकडे बघत होती, एकेकाकडे, ओळीने. रागाने नव्हे. काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखी.

बाहेर डॅरिलच्या आईने माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

आता बोलायला मोकळीक आहे. जेवताना व्हर्नाला सगळं सांगितलं, साखरेच्या पुड्यांसकट. ती ऐकत होती. शेवटी काटा खाली ठेवून म्हणाली, "तिकडे तू शेवटचा कधी गेला होतास?"

"मधेच कधीतरी. का?"

"सहज. खा, गार होतंय."

१० ऑक्टोबर

मधेच कधी, ते आठवत नाही. सोलेमच्या अंत्ययात्रेला गेलो होतो, पण ती चर्चमधून निघाली होती, घरून नव्हे.

१९ ऑक्टोबर

चाऱ्याच्या दुकानात हार्लन भेटला. मका निघाला त्याचा. मोठ्याने म्हणाला, "हे बघा, आपले झाडांचे वकील!" लोक हसले, कुणीतरी पाठीवर थाप मारली. काउंटरवरच्या माणसाला हार्लन सतरा झाडं सांगत होता. काउंटरवाला म्हणाला, "कुठे, नेपस्टाडकडे?" आणि पुढे काही बोलणार एवढ्यात फोन वाजला. मी थांबलो नाही. पक्ष्यांसाठी दाणे घ्यायला गेलो होतो, ते तसेच राहिले.

२६ ऑक्टोबर

डॅरिलला मुलगी झाली. वर्तमानपत्रात दोन ओळी आहेत. व्हर्नाने कापून फ्रिजवर लावल्या.

३ नोव्हेंबर

झाडांची कविता म्हणून पाहिली. पाचव्या कडव्यापाशी थांबलो.

८ नोव्हेंबर, रविवार

व्हर्नाला सांगितलं, दाणे आणायला जातो. तीन नंबरच्या रस्त्याने गेलो. टॉर्व्हिकच्या फाटकाशी उतरलो तेव्हा सूर्य टेकला होता. जळलेल्या गोठ्याचा काळा चौथरा आणि समोर, रस्त्यापलीकडे, तिचं घर. मधे नुसतं गवत. झाडांचे खुंटसुद्धा नाहीत. खिडकीतला दिवा, काचेवरचा पडदा, पडद्यावरचे लाल ठिपके, सगळं दिसत होतं. मी रस्त्याच्या कडेने इकडून तिकडे चाललो. दोनदा.

दार उघडलं. स्वेटर ओढून घेत ती रस्त्यापर्यंत आली. "खिडकीतून बघत होते," म्हणाली. "म्हटलं, हे ज्युरीतलेच. शेवटच्या खुर्चीतले. उजवा पाय ओढता ना तुम्ही थोडा. काही हवं होतं का?"

"नाही," म्हटलं. "रस्ता चुकलो."