घंटीची निळी रिबन

३ फेब्रुवारी

चि. सौ. शिंपीणबाईंस,
अ. उ. आ.

फ्रॉक पोचला. तुझी भाची चिमी तो अंगातून काढायलाच तयार नाही. घेर एवढा की दारातून आडवं निघावं लागतं आणि कमरेवरचा निळा बो शेजारपाजारी दाखवून झाला. तीन पत्रांतून मी तुझ्यामागे टुमणं लावलं होतं, त्याचं चीज झालं.

आई इथे रमली आहे. उजवं मनगट प्लास्टरात, म्हणून शब्दकोडं मला सोडवायला लावते आणि माझी उत्तरं चूक ठरवते. पडलीस कशी विचारलं, तर म्हणते, वय झालं की जमीन जवळ येते. तू ऑफिस, घर, आईचं सगळं आणि वर शिवण सांभाळतेस, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. पण पार्सलात एका ओळीची चिठ्ठीसुद्धा नाही? आमच्या धाकट्या भावाची संगत लागली वाटतं.

लोभ आहेच, तो शिळा होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी लिहायला बसले होते, जमली नाही. आज जमवते.

आईंच्या पलंगाला घंटी आहे, तुम्ही पाहिली आहे. तिला निळी रिबन बांधलेली असायची, आडवं पडल्यापडल्या ओढता यावी म्हणून. त्या रविवारी दुपारी फ्रॉक पुरा होत आला होता आणि बोसाठी काही सापडेना. रंग अगदी तोच. आई झोपल्या होत्या. मी रिबन सोडून घेतली. घंटीला दुसरं काहीतरी लगेच बांधायचं ठरवलं होतं, पण मशीनवर बसले आणि विसरले. आईंनी रिबन चाचपली असणार, मिळाली नाही म्हणून स्वतःच उठल्या असणार.

एवढंच असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं. ताई, धप्प झालेलं मी ऐकलं. कंबरेची टीप अर्ध्यावर होती. मी ती पुरी केली, दोरा तोडला आणि मग उठले. आई दाराशी पडलेल्या होत्या, मनगट धरून.

दवाखान्यातून आल्यावर पहिलं काम काय केलं, तर घंटीला पायजम्याची नाडी बांधली. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. यांना सांगितलं, आई घसरल्या.

दिवसभर ऑफिसात लोकांचे अर्ज, घरी आलं की ओटा, डबे, औषधं. मशीनवर बसले की तेवढा वेळ मी कुणाचीच कुणी नसते. तेच अंगाशी आलं. मशीनवर चादर टाकली आहे. कोपऱ्यावरच्या अल्टरवाल्याला देऊन टाकणार आहे.

पूर्वीसारखी माया करा असं कुठल्या तोंडाने लिहू? आईंना नमस्कार.

तुमची भावजय

१४ फेब्रुवारी

चि. सौ. भावजयीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ओट्याशी उभं राहून वाचलं. मग कात्री घेतली आणि फ्रॉकवरचा बो उसवून टाकला. चिमी हमसून हमसून रडली.

रिबन घेतलीस, विसरलीस, हे मी समजू शकते. तगादा माझाच होता. पण माझी आई पडल्याचं ऐकून तू टीप पुरी केलीस, हे काही केल्या गळी उतरत नाही. आईला दाखवलेलं नाही. मशीनचं तुला हवं ते कर.

ताई

२० फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगते आहे, तुझी नणंद लिहिते आहे, नाक फुगवून. बो का काढला ते चिमीने मला विचारलं, मी हिला विचारलं आणि तुझं पत्र मोठ्याने वाचून घेतलं.

रिबन सोडलीस तेव्हा मी जागी होते. डोळे मिटलेले होते, एवढंच. म्हटलं, घेऊ दे. घंटी वाजवून वाजवून तुला कितीदा उठवलं आहे मी, कधी तर नुसतं किती वाजले ते विचारायला. त्या दिवशी काही चाचपलं नाही. मशीन चालू होतं, बो कसा दिसतो ते बघायला उठले. हाक मारली असती तर तू काम टाकून आली असतीस, म्हणून मारली नाही. पडले ती माझ्या हौसेने.

टीप पुरी केलीस ते मात्र मला लागलं. माफ केलं असं आज म्हणते, पण मनातून जायला वेळ लागेल. तोवर माझ्यापासून तोंड लपवू नकोस.

मशीन कुणाला द्यायचं नाही. ते गॅलरीतून उचलून माझ्या पलंगाशेजारी लाव. तू शिव, मी बघेन. मी धडपडले तर तुला मान वर करून दिसेल तरी. मग घंटी नको आणि रिबनही नको, ती चिमीकडेच राहू दे.

प्लास्टर निघालं की येते. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझी आई

ता. क. शिंपीणबाई, आईने काल मला बसवून बो परत शिवायला लावला. वाकडा बसला आहे. आईला न्यायला येशील तेव्हा तो तेवढा नीट करून दे.