दुसऱ्या सीटचं वजन

ता. ७, मंगळवार

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. मेकॅनिककाकांनी विमानाचं पुढचं चाक बदललं आणि नेहमीप्रमाणे जुन्या चाकाला शिव्या घातल्या. माझा गुडघा तुझ्यासारखाच आहे, कुरकुर करतो आणि चालतो.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तुझा मेसेज वाचला. आई, तुझं वय झालं, विमान विकून टाकू या. बाबांचा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर आला, कबूल. मग ये आणि एक पंख कापून घेऊन जा. उरलेलं विमान माझं आहे आणि मी ते विकणार नाही. डोळे, कान, हृदय, सगळं डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात तपासलं आणि मला उडायला पास केलं. नापास केलंय ते फक्त तू.

ते नकाशाचं अ‍ॅप तूच माझ्या टॅबलेटवर घालून दिलंस. छान आहे, खोटं कशाला बोलू? मार्ग आखायचा, वारा बघायचा, पेट्रोल किती लागेल ते विचारायचं आणि टॅबलेट मांडीला पट्ट्याने बांधून निघायचं. पूर्वी कागदी नकाशा खिडकीतल्या वाऱ्याने उडून तुझ्या बाबांच्या तोंडावर बसायचा. पण अ‍ॅपबरोबर तू अटही घातलीस, की मी उडत असताना माझा ठिपका तुझ्या फोनवर दिसला पाहिजे. म्हटलं, दिसू दे. पोराला काळजी आहे.

दर शनिवारी तलावापलीकडे तो ठिपका गायब व्हायचा, आणि डोंगरामुळे रेंज जाते असं मी तुला सांगायचे. डोंगराचा काही दोष नाही. ठिपका मीच बंद करायचे.

गेल्या शनिवारी तलावावरच वाऱ्याने झोडपलं, दोन्ही हात गुंतले आणि बंद करायचं राहिलं. ठिपका कुठल्याशा कुरणात थांबलेला पाहून तू घाबरलास. मेकॅनिककाकांना फोन करून पोलीस पाठवा म्हणालास. ते म्हणाले, "बाई पडलेल्या नाहीत, उतरल्यात." मग तू नकाशा मोठा करून गावाचं नाव वाचलंस, आणि दहा मिनिटांत माझं वय झालं.

हो, मी धाकटीकडे जाते. तिने लग्न केलं ते बाबांना पटलं नाही. या घरात तिचं नाव काढायचं नाही असं ते म्हणाले, आणि तू त्यांना तसा शब्द दिलास. तू पाळ. मी असा शब्द कुणालाही दिलेला नाही, आणि माझ्या पोरीला भेटायला मला कुणाची परवानगी नको.

मला उतरता यावं म्हणून ती कुरणातलं गवत स्वतः कापते. वारा कळावा म्हणून खांबाला बाबांचा पांढरा शर्ट बांधते. तोच, जो ते गेल्यावर तू घरभर शोधत होतास. घर सोडताना तिने तो बरोबर नेला होता. वरून तो फडफडताना दिसला की मला रडू येतं, आणि तरी मी नीट उतरते.

येत्या शनिवारचा मार्ग अ‍ॅपमधून तुला पाठवलाय. या वेळी कुठे उतरणार ते खरं लिहिलंय, आणि ठिपका जाता-येता चालू राहील. घरी बसून बघायचं तर बघ. पण निघण्याआधी अ‍ॅप दोन्ही सीटवरचं वजन विचारतं. दुसऱ्या सीटवर मी तुझं टाकलंय, ऐंशी किलो. वाढलं असेल तर कळव, पेट्रोल त्या हिशेबाने भरावं लागेल. मी दहाला निघते. आला नाहीस तर तिथे शून्य लिहीन आणि निघेन.

तुम्हा दोघांची,
आई